छोट्या पिस्तुलाचा लांब चाप

अमेरिकेत कपड्यांखाली भरलेले पिस्तूल बाळगून वावरणे ही आता अपवादाची गोष्ट राहिलेली नाही. ठरलेल्या अटी पूर्ण करणाऱ्या प्रौढाला परवाना द्यायलाच हवा, असा कायदा फ्लोरिडाने १९८७ मध्ये केला आणि पुढे एकेक राज्य त्याच वाटेने गेले. जून २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कची ‘खास गरज सिद्ध करा’ ही अट घटनाबाह्य ठरवली. २०२४ अखेर तर २९ राज्यांत परवान्याचीही सक्ती उरलेली नव्हती. परवाना नाही म्हणजे परवान्याआधीचा प्रशिक्षणवर्गही सक्तीचा नाही. त्यामुळे कमरेला पिस्तूल लावून घराबाहेर पडणाऱ्यांत आज दुकानदार, परिचारिका, ट्रकचालक, निवृत्त शिक्षक अशी माणसे मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांतल्या अनेकांचा सराव वर्षाकाठी एखाद-दोन काडतुसांच्या पेट्यांपलीकडे जात नाही. या माणसाने कोणते पिस्तूल निवडावे, यावर तिथे अखंड वाद चालतो. तो बहुतेक वेळा काडतुसाच्या आकाराभोवती आणि मॅगझिनमध्ये किती गोळ्या मावतात याभोवती फिरतो. माझ्या मते निर्णायक प्रश्न चापाचा आहे. थोडा सराव असलेल्या माणसाच्या छोट्या पिस्तुलाला लांब, सलग आणि प्रत्येक गोळीला सारखाच ओढावा लागणारा चाप हवा. ‘डबल अ‍ॅक्शन ओन्ली’ नावाने ओळखली जाणारी ही रचना बाजारातून मागे पडत चालली आहे, पण तिच्या बाजूचा पुरावा अजून भक्कम आहे.

आधी यंत्रणा पाहू. सिंगल अ‍ॅक्शन पिस्तुलात मागचा घोडा आधीच मागे ओढून अडकवलेला असतो आणि चापाने फक्त ती अडक सोडवायची असते. म्हणून तो चाप आखूड आणि हलका असतो. डबल अ‍ॅक्शनमध्ये दोन्ही कामे बोटाच्या ताकदीवर होतात. चाप मागे येऊ लागला की त्याला जोडलेली पट्टी घोड्याला मागे नेते, मुख्य स्प्रिंग दाबली जाते आणि शेवटच्या टप्प्यावर घोडा निसटून पुढे आदळतो. वाल्थरच्या १९२९ च्या पीपी पिस्तुलात या दोन रचनांची सांगड होती. त्यात पहिली गोळी लांब, जड चापाने सुटते. तिच्या धक्क्याने स्लाइड मागे जाऊन घोडा आपोआप चढतो आणि पुढच्या गोळ्या हलक्या चापाने सुटतात. म्हणजे एकाच पिस्तुलाचे दोन स्वभाव शिकावे लागतात, आणि झटापट संपल्यावर, हात थरथरत असताना, चढलेला घोडा खटक्याने उतरवायचेही लक्षात ठेवावे लागते. डबल अ‍ॅक्शन ओन्ली रचनेत हा दुहेरीपणा नाही. प्रत्येक गोळीनंतर घोडा स्लाइडबरोबर पुढे जाऊन विसावतो. पहिली गोळी असो वा सातवी, बोटाला तेवढेच अंतर कापावे लागते. उतरवायचे काही नाही आणि विसरण्यासारखा खटकाही बहुधा नाही.

आता व्याख्येचा घोळ. दुकानात डबल अ‍ॅक्शन ओन्ली म्हणून जे विकले जाते त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. पहिल्या प्रकारात चाप ओढण्याआधी स्प्रिंग सैल असते आणि सगळे काम बोट करते. स्मिथ अँड वेसनचे बंद घोड्याचे रिव्हॉल्व्हर, केल-टेकचे पी-११ किंवा सिग सॉअरचे पी-२५० ही त्याची उदाहरणे. दुसऱ्या प्रकारात स्लाइड मागेपुढे होताना स्प्रिंग अंशतः दाबून ठेवते आणि उरलेले काम चाप करतो. कार नावाच्या कंपनीची पिस्तुले, केल-टेकचे पी-३एटी आणि रुगरचे मूळ एलसीपी यात मोडतात. तिसऱ्या प्रकारात घोड्याऐवजी आतल्या आत सरकणारा स्ट्रायकर असतो, तो बराचसा ताणलेलाच असतो आणि चाप आखूड असतो. ग्लॉकलाही काही याद्यांत डबल अ‍ॅक्शन ओन्ली म्हटले गेले आहे. पण त्याचा मूळ चाप सुमारे साडेपाच पौंडांचा, म्हणजे अडीच किलोंचा, आणि तुलनेने आखूड आहे. खरेदी करणाऱ्याने पाटीवरच्या नावापेक्षा दोन गोष्टी पाहाव्यात. बोटाला किती अंतर कापावे लागते आणि चाप ओढण्याआधी स्प्रिंगमध्ये किती ताकद साठलेली आहे. या लेखात पहिले दोन प्रकार मी एका बाजूला धरतो, कारण दोन्हींत चाप लांब आहे.

ही रचना छोट्या पिस्तुलांतच का रुजली, याचे उत्तर खिशात आहे. स्मिथ अँड वेसनने १९५२ मध्ये सेंटेनियल रिव्हॉल्व्हर आणले तेव्हा त्याचा घोडा पूर्ण झाकलेला होता, जेणेकरून बाहेर काढताना तो कोटाच्या अस्तरात अडकू नये. घोडा बोटाने चढवता येत नसल्यामुळे ते आपोआप डबल अ‍ॅक्शन ओन्ली ठरले. ऐंशीच्या दशकात लुडविग सीकॅम्प यांनी तळहातात मावणारे, दृष्टीसाधनेही नसलेले पोलादी पिस्तूल याच तत्त्वावर बनवले. खरा जोर आला तो १९९४ च्या संघराज्य कायद्याने. त्या कायद्याने सर्वसामान्यांसाठीच्या नव्या मॅगझिनला दहा गोळ्यांची मर्यादा घातली आणि ती २००४ पर्यंत टिकली. दहाच गोळ्या मिळणार असतील तर मोठे पिस्तूल कशाला, असा हिशेब ग्राहकांनी केला आणि कारखानदारांनी तो ओळखला. जस्टिन मून यांचे कार के-९ आणि जॉर्ज केलग्रेन यांचे पी-११ त्याच काळातले. पुढे १९९९ मध्ये पी-३२, २००३ मध्ये पी-३एटी आणि २००८ मध्ये रुगरचे एलसीपी आले. एलसीपीचे रिकामे वजन जेमतेम २६५ ग्रॅमच्या आसपास. इतके हलके पिस्तूल दिवसभर खिशात राहते, वाकताना, बसताना, गाडीत चढताना बरोबर हलते, आणि म्हणूनच त्याचा चाप सहजासहजी सुटणारा नसावा ही गरज होती.

या रचनेवरचा सर्वांत गंभीर आक्षेप नेमबाजीचा आहे आणि त्याला आधारही आहे. न्यूयॉर्क पोलिसांनी १९९३ मध्ये रिव्हॉल्व्हर सोडून पिस्तुलांकडे वळताना सगळी मॉडेले डबल अ‍ॅक्शन ओन्ली स्वरूपात घेतली. ग्लॉकला मुद्दाम जड स्प्रिंग बसवून त्याचा चाप सुमारे १२ पौंडांवर, म्हणजे साडेपाच किलोंच्या घरात नेला. रँड संस्थेने २००८ मध्ये या खात्याच्या प्रशिक्षणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९९८ ते २००६ या काळात समोरूनही गोळीबार होत असताना पोलिसांच्या गोळ्यांपैकी सरासरी १८ टक्केच लागल्या आणि समोरून गोळीबार नसताना ३० टक्के, असे त्यात आढळले. जड चापाचा नेमावर परिणाम होतो का, हे तपासावे अशी शिफारसही त्यात होती. ऑगस्ट २०१२ मध्ये एम्पायर स्टेट बिल्डिंगसमोर दोन पोलिसांनी एका मारेकऱ्यावर १६ गोळ्या झाडल्या आणि त्या गोळ्यांनी किंवा त्यांच्या तुकड्यांनी नऊ वाटसरू जखमी झाले. तेव्हा त्या १२ पौंडांकडे पुन्हा बोट दाखवले गेले. या आकड्यांत भीती, अंधार, पळापळ, अपुरा सराव असे सगळेच मिसळलेले आहे. सगळा दोष एका स्प्रिंगच्या माथी मारणे बरोबर होणार नाही. तरी मी आक्षेप मान्य करतो, पण तो जडपणावरचा आक्षेप आहे. आखूड वाटेवर नुसते वजन वाढवले की बोटाला झटका द्यावा लागतो आणि नळीचे तोंड हलते. हेच काम लांब वाटेवर पसरले तर प्रत्येक क्षणी लागणारी ताकद कमी होते. कारचा चाप किंवा रुगरच्या २००९ च्या एलसीआर रिव्हॉल्व्हरचा, घर्षण कमी करणाऱ्या खास कॅमवर चालणारा चाप ओढून पाहिला की हा फरक बोटालाच कळतो. लांबी टिकवून वजन उतरवता येते, हे या दोन रचनांनी दाखवून दिले आहे. न्यूयॉर्कने ज्याची किंमत मोजली ते जडपण होते, लांबी नव्हे.

लांबी कशासाठी हवी, याचा पुरावा दुसऱ्या दोन ठिकाणी सापडतो. वॉशिंग्टन डीसीच्या पोलिसांनी १९८८ मध्ये ग्लॉक स्वीकारले. त्यानंतरच्या दहा वर्षांत अनवधानाने गोळी सुटल्याच्या १२० हून अधिक घटना घडल्याचे ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने १९९८ मध्ये उघड केले. तिथे घाईची भरती आणि तोकडे प्रशिक्षण हेही कारण होते. लॉस एंजेलिस काउंटीच्या शेरीफ खात्याचे उदाहरण त्याहून बोलके आहे. तिथे वर्षानुवर्षे बेरेटा वापरात होते. त्याला सेफ्टीचा खटका होता आणि पहिली गोळी लांब चापाने सुटे. खात्याने मग स्मिथ अँड वेसनचे एम अँड पी घेतले. त्याला बाहेरचा खटका नव्हता आणि चाप आखूड होता. २०१२ मध्ये अनवधानाने गोळी सुटल्याच्या १२ घटना होत्या, २०१४ मध्ये त्या ३० झाल्या. काही घटनांत पिस्तुलाला लावलेल्या दिव्याचे बटण दाबताना चाप दाबला गेला होता, म्हणून सगळी वाढ चापाच्या खात्यावर टाकता येत नाही. पण खाते तेच होते, बहुतेक माणसे तीच होती आणि बोट चापाबाहेर ठेवण्याचा नियमही तोच होता. हातातले पिस्तूल बदलले आणि जुन्या सवयींच्या पोटात दडलेल्या चुका बाहेर पडल्या. शरीरशास्त्राचे अभ्यासक रॉजर एनोका यांनी अशा घटनांमागे तीन अनैच्छिक कारणे मांडली आहेत. एका हाताने घट्ट पकडताना दुसऱ्या हाताचीही मूठ आवळणे, तोल जाणे आणि दचकणे. तिन्ही वेळी बोट क्षणभर आवळते. आखूड चापाला तेवढे पुरते. बरीच लांब वाट कापायची असेल तर ते आवळणे अर्ध्यावरच संपण्याची शक्यता वाढते.

यावर अनुभवी नेमबाज म्हणतात, की खरी सेफ्टी दोन कानांच्या मध्ये असते. गोळी झाडायची नसेल तेव्हा बोट चापावर ठेवू नका, म्हणजे प्रश्न मिटला. नियम सोळा आणे खरा आहे आणि कोणतीही रचना त्याला पर्याय होऊ शकत नाही. पण पगार घेऊन, दरवर्षी चाचणी देऊन शिकलेल्या पोलिसांकडून तो मोडला जातो, हेच वरचे आकडे सांगतात. मग वर्षातून दोनदा मैदानावर जाणाऱ्या नागरिकाने आपण त्यांच्याहून कडक आहोत असे कशाच्या बळावर मानायचे? शिवाय चाप बोटानेच दाबला जातो असेही नाही. पिस्तूल म्यानात परत घालताना शर्टाची कड किंवा जाकिटाच्या दोरीचे टोक चापाच्या कडीत शिरते आणि वरून हात दाबत राहतो. जे पोटासमोर, पट्ट्याच्या आत पिस्तूल ठेवतात त्यांच्या बाबतीत नळी तेव्हा मांडीच्या मुख्य धमनीकडे वळलेली असते. घोडा बाहेरून हाताला लागणाऱ्या डबल अ‍ॅक्शन ओन्ली पिस्तुलाची खुबी इथे दिसते. म्यानात घालताना अंगठा मागे घोड्यावर टेकवून ठेवायचा. चापात काही अडकले असेल तर घोडा अंगठ्याखाली उठू लागतो आणि माणूस जागीच थांबतो. आतल्या स्ट्रायकरमध्ये ही पूर्वसूचना मिळत नाही. ग्लॉकच्या मागच्या झाकणाजागी बसवायचे असेच एक साधन काही नेमबाजांनी मुद्दाम तयार करून घेतले आहे, यावरूनच ही गरज किती खरी आहे ते कळते.

तरीही बाजाराने पाठ का फिरवली? कारखानदारांचा क्रम पाहिला तर दिशा स्पष्ट दिसते. सिगने २०१४ मध्ये पी-२५० च्या सांगाड्यावरच स्ट्रायकरचे पी-३२० आणले. त्याच वर्षी रुगरने घोड्याच्या एलसी-९ ऐवजी हलक्या चापाचे एलसी-९एस काढले आणि २०१६ मध्ये एलसीपी-२ चा चापही आखूड केला. २०१८ च्या सिग पी-३६५ ने छोट्या देहात दहा गोळ्या बसवून सगळी गणिते बदलली. स्मिथ अँड वेसनचे बॉडीगार्ड २०१० मध्ये लांब चाप घेऊन आले होते. २०२४ च्या आवृत्तीत तोही गेला. गोळ्यांची वाढलेली संख्या हा खरा लाभ आहे आणि तो मी नाकारत नाही. पण चाप आखूड होण्यामागे विक्रीचा एक साधा नियमही आहे. ग्राहक काउंटरवर रिकामे पिस्तूल हातात घेतो, दोनदा चाप ओढतो आणि जो सहज सुटतो तो त्याला चांगला वाटतो. पाठ टेकलेल्या खुर्चीत, बाळाला कडेवर घेऊन, पावसात कुलूप उघडताना तेच पिस्तूल कमरेला कसे वागेल, याची परीक्षा काउंटरवर होत नाही. बाळगणाऱ्या माणसाच्या आयुष्यात पिस्तूल हजारो वेळा हाताळले जाते. चढवणे, उतरवणे, रिकामे करणे, परत भरणे. झाडण्याची वेळ बहुतेकांवर कधीच येत नाही. निवड या हजार वेळांचा विचार करून व्हायला हवी.

लांब चाप म्हणजे सर्वरोगहर औषध, असा समज मात्र होऊ नये. ऑक्टोबर २००८ मध्ये रुगरला सुरुवातीची एलसीपी पिस्तुले परत मागवावी लागली, कारण खाली पडल्यास त्यातून गोळी सुटण्याची शक्यता होती. २०१७ मध्ये पी-३२० विशिष्ट कोनात पडल्यावर गोळी सुटते, हे चाचण्यांत दिसल्यावर सिगनेही चाप बदलून देण्याची मोहीम काढली. दोन्ही रचनांत दोष निघू शकतो. म्हणून जुने पिस्तूल घेणाऱ्याने त्याचा क्रमांक कारखान्याच्या परत-मागणीच्या यादीत पाहिल्याशिवाय ते भरू नये. आणखी एका गुणाचे स्तोम माजवले जाते, तो म्हणजे दुसरा ठोका. काडतूस फुसके निघाले तर पूर्ण डबल अ‍ॅक्शन ओन्ली पिस्तुलात पुन्हा चाप ओढून त्याच काडतुसावर दुसरा प्रहार करता येतो. कार, पी-३एटी किंवा एलसीपीत तो येत नाही. पण फुसके काडतूस दुसऱ्यांदाही फुसकेच निघाले तर वेळ गेला. मॅगझिन खालून ठोकून स्लाइड ओढायची आणि नवे काडतूस आणायचे, ही शिकवण दोन्ही प्रकारांत चालते. दुसऱ्या ठोक्यासाठी एखादे पिस्तूल नाकारण्यात किंवा घेण्यात अर्थ नाही.

आकाराच्या बाबतीत मात्र हात आखडता घेण्यापेक्षा थोडा सैल सोडावा. स्मिथ अँड वेसनच्या ६४२ रिव्हॉल्व्हरचे वजन ४०० ग्रॅमच्या आसपास आणि चाप पाच किलोंच्या वर. म्हणजे वस्तूच्या वजनाच्या बारापट ताकद तिच्यावरच लावायची आणि तरी ती हलू द्यायची नाही. हे साधते, पण पुष्कळ कोरड्या सरावानंतर. पिस्तूल रिकामे असल्याची दोनदा खात्री करून, नकली काडतुसे घालून, नळीच्या टोकाजवळ वर एक नाणे ठेवायचे आणि ते न पडता चाप शेवटपर्यंत ओढायचा, हा जुना सराव लांब चापासाठीच जणू बनला आहे. दुसरी अडचण धक्क्याची. अगदी हलके पिस्तूल हाताला इतके झोंबते की माणूस दहा गोळ्यांत सराव थांबवतो. शिवाय छोट्या नळीतून सुटलेल्या .३८० गोळीला फुलणे आणि पुरेसे खोल जाणे ही दोन्ही कामे एकाच वेळी जड जातात. १९८६ च्या मायामीतल्या चकमकीनंतर एफबीआयने चाचणीच्या जिलेटिनमध्ये गोळी किमान १२ इंच खोल जावी असा जो निकष घातला, त्याला ९ मिमी गोळी जास्त भरवशाने उतरते. कपड्यांत लपेल त्यांतले सर्वांत छोटे घेण्याऐवजी लपेल त्यांतले सर्वांत मोठे घ्यावे, असे मला वाटते. पोलादी किंवा निदान अर्ध्या किलोच्या जवळ जाणारे, ९ मिमीचे, एकेरी ओळीच्या मॅगझिनचे आणि लांब चापाचे पिस्तूल सराव करवून घेते.

या साऱ्या चर्चेत एक मोठा धोका चापाच्या आवाक्याबाहेर राहतो आणि तो सांगितल्याशिवाय आढावा प्रामाणिक होणार नाही. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसे मेली. त्यांत अपघाताने मेलेली ५४९ आणि आत्महत्या केलेली २६,३२८. कॅलिफोर्नियातल्या कोट्यवधी प्रौढांचा मागोवा घेणारा अभ्यास २०२० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. हँडगन बाळगणाऱ्या पुरुषांत बंदुकीने आत्महत्या होण्याचे प्रमाण न बाळगणाऱ्यांच्या जवळजवळ आठपट आणि स्त्रियांत पस्तीसपट असल्याचे त्यात दिसले. अनवधानाने आवळलेले बोट लांब चाप थांबवू शकतो, खचलेल्या माणसाचा हात थांबवू शकत नाही. घरात कुणी निराशेतून जात असेल, दारूचे व्यसन असेल किंवा किशोरवयीन मूल असेल, तर पिस्तूल न घेणे हीच शहाणी निवड आहे. घेतलेच तर ते अंगावर असावे, नाहीतर कुलुपात. उशाखाली किंवा गाडीच्या कप्प्यात कधीच नको. अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना संघराज्य कायद्याने, मोजके अपवाद सोडता, बंदूक बाळगायलाच मनाई आहे. राज्यात परवान्याची सक्ती नाही म्हणून ही मनाई उठत नाही. ग्रीन कार्ड असलेल्यांना मात्र ती लागू नाही.

तेव्हा निवाडा असा. ज्याने सगळा विचार करून, कायद्याच्या चौकटीत पिस्तूल बाळगायचे ठरवलेच आहे आणि ज्याचा सराव मोजका आहे, त्याने लांब, सलग, फार जड नसलेल्या चापाचे पिस्तूल घ्यावे. ते हाताला झोंबणार नाही इतके वजनदार असावे, चापाची कडी पूर्ण झाकणारे घट्ट म्यान त्याच्याबरोबर घ्यावे आणि वाचलेले पैसे काडतुसांवर व शिक्षकावर खर्च करावेत. दर आठवड्याला मैदानावर जाणाऱ्याने आखूड चाप घेतला तर माझी तक्रार नाही, त्याने तो हक्क सरावाने कमावलेला असतो. आणि ज्याला सरावाला महिन्यातून एक तासही देणे जमणार नाही, त्याला माझी कळकळीची विनंती आहे, की त्याने कोणत्याही चापाचे पिस्तूल अंगावर बाळगू नये.